कॅशे लावूनही पीसी पुन्हा पुन्हा हळू का होतो

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीवर येते. "कॅशेचं सेटिंग केलं तेव्हा पीसी नुसता पळत होता, आता परत होता तिथंच आलाय. काहीतरी करा की." सांगली, मिरज, कुपवाड या भागात घरोघरचे कॉम्प्युटर बघताना हे वाक्य इतकं ऐकलंय की ते सुरू झालं की शेवट आधीच कळतो. मशीनही एकाच घाटणीची असतात: २०१३ ते २०१८ च्या मधे कधीतरी घेतलेली, ४ जीबी मेमरी, ५०० जीबी किंवा १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर पोरांचा अभ्यास, टॅली, हळद-बेदाण्याच्या हिशेबाच्या एक्सेल शीट आणि क्रोममध्ये कधीच बंद न होणारे टॅब.

त्यावर कुणीतरी एखादा व्हिडिओ बघून मेमरीतला एक तुकडा डिस्कच्या कॅशेसाठी, म्हणजे डिस्कवरचं पुन्हा पुन्हा लागणारं हाताशी ठेवायला, बांधून ठेवलेला असतो. कुठं प्रायमोकॅशेसारखं सॉफ्टवेअर, कुठं रॅम डिस्क (मेमरीच्या तुकड्याचाच ड्राइव्ह बनवणं), कुठं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, 'लार्ज सिस्टिम कॅशे'चा आकडा शून्याचा एक केलेला. कल्पना चुकीची नाही. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क एक फेरी पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद घेते. डोकं जागेवर न्यायचं आणि हवा तो भाग खाली येईपर्यंत थांबायचं, असं धरून एका तुटक वाचनाला बारा-पंधरा मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला शंभराच्या आतच वाचनं. ४ केबीचे तुकडे वाचायचे असतील तर अर्धा एमबीसुद्धा होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग जेमतेम अर्धा-एक एमबी, हे बघून लोक चक्रावतात ते यामुळं. डिस्क आळशी नसते, इकडून तिकडे धावण्यातच तिचा वेळ जातो. मेमरीतून तेच वाचन काही मायक्रोसेकंदात होतं. म्हणून कॅशे हवा, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की कॅशेला द्यायला मेमरी शिल्लक आहे का. हे न बघता केलेलं सेटिंग चार दिवसांत अंगावर येतं.

आधी मेमरी बघा, सेटिंग नंतर

रोज जे प्रोग्रॅम उघडे असतात ते सगळे उघडा. निवांत चालू केलेल्या मशीनवर मोजून काही कळत नाही. मग टास्क मॅनेजर, त्यात परफॉर्मन्स, त्यात मेमरी. तिथं 'अव्हेलेबल' आणि 'कॅश्ड' असे दोन आकडे दिसतील. कॅश्ड म्हणजे विंडोजनं स्वतःहून डिस्कवरचं मेमरीत ठेवलेलं. हो, स्वतःहून. तुम्ही काही बसवलं नसलं तरी विंडोज रिकामी मेमरी याच कामाला लावतं, आणि एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली की त्यातली लगेच सोडून देतं.

त्याच पानावर खाली रिसोर्स मॉनिटर उघडायची सोय आहे. त्यातल्या मेमरीच्या पानावर एक रंगीत पट्टी दिसते: इन यूज, मॉडिफाइड, स्टँडबाय, फ्री. या पट्टीवरून बहुतेक निदान होतं. फ्री शून्याजवळ आणि स्टँडबाय (हाच तो कॅशे) भरपूर, तर घाबरायचं कारण नाही, तीच चांगली अवस्था आहे. 'मेमरी रिकामी दिसतच नाही' म्हणून मेमरी क्लीनर टाकणारे लोक हा स्टँडबायचाच भाग झाडून काढतात, म्हणजे तयार कॅशे फेकून देतात. त्यानंतर प्रत्येक गोष्ट पुन्हा डिस्कवरून. असलं क्लीनर दिसलं की मी आधी ते काढतो, बाकी चौकशी नंतर.

स्टँडबाय आणि फ्री मिळून ४ जीबीच्या मशीनवर पाऊण-एक जीबीच्या खाली असेल तर मात्र कॅशेचा विषय तिथंच संपला. अशा मशीनवर एक जीबी कॅशेला बांधून देणं म्हणजे एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात टाकून कमाई झाली म्हणणं. बांधलेली मेमरी विंडोजला परत घेता येत नाही. मग क्रोमला जागा कमी पडते, विंडोज प्रोग्रॅमची पानं पेजफाइलमध्ये (मेमरी कमी पडली की डिस्कवर वापरायची फाइल) ढकलतं, आणि पेजफाइल असते त्याच फिरत्या डिस्कवर. डिस्कवरचा ताण कमी करायला केलेला उपाय डिस्कवरच ताण वाढवून बसतो.

'पहिले चार दिवस पळत होता' याचं उत्तरही इथंच आहे. सेटिंग केल्यावर लोक मशीन रिस्टार्ट करतात, वेग मोजायचं सॉफ्टवेअर चालवतात, आकडे बघून खूश होतात. ते आकडे डिस्कचे नसतातच. चाचणीची फाइल कॅशेत बसली की सेकंदाला हजारो एमबी दिसणारच, कारण मोजलं जातंय ते मेमरीचं वाचन. पुढं रोजचं काम सुरू होतं, टॅब साठतात, आणि मशीन मूळ पदावर येतं.

रिसोर्स मॉनिटरच्या त्याच पानावर उजवीकडे 'हार्ड फॉल्ट्स' नावाचा आलेख असतो, म्हणजे हवं ते मेमरीत न सापडल्यानं किती वेळा डिस्कवर जावं लागलं. प्रोग्रॅम उघडताना तो उसळतो, ते ठीक. नवीन प्रोग्रॅम डिस्कवरून यायचाच. पण सगळं उघडून झालंय, तुम्ही नुसतं एका खिडकीतून दुसरीत जाताय आणि तरी तो सेकंदाला शेकड्यात राहतोय, तर मेमरी कमी आहे. कुठल्याही सेटिंगनं ती वाढणार नाही.

अजून एक सोपी परीक्षा. जड प्रोग्रॅम उघडा, बंद करा, लगेच परत उघडा. दुसऱ्यांदा झटकन आला तर कॅशे चोख चाललाय. तुमची तक्रार फक्त सकाळच्या पहिल्या उघडण्याची आहे, आणि ती वेगळी गोष्ट. दुसऱ्यांदाही तेवढाच वेळ लागला तर एक तर मेमरी कमी आहे, नाहीतर डिस्कचा दोषच नाही. प्रोसेसर किंवा अँटिव्हायरस बघा.

सकाळी रोज तेच

मेमरीतला कॅशे वीज गेली की जातो. रात्री शटडाउन केलं की सकाळी पाटी कोरी. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं तरी त्यात विंडोजचा गाभा तेवढा जपला जातो, तुमच्या टॅली-क्रोमचा कॅशे नाही. म्हणून 'सेटिंग रोज उडतं' असं वाटतं. उडत काही नाही, तो रोज नव्यानं भरावा लागतो.

यावर साधा उपाय म्हणजे रात्री शटडाउनऐवजी स्लीप. डेस्कटॉपवर पॉवर ऑप्शन्समध्ये हायब्रिड स्लीप चालू आहे ना ते बघून घ्या. त्यात मेमरी जिवंत राहते, शिवाय एक प्रत डिस्कवरही जाते, म्हणजे रात्री वीज गेली तरी उघडलेलं काम हरवत नाही. सकाळी बटण दाबलं की मशीन कालच्या जागेवर. मात्र आठवड्यातून एकदा तरी रिस्टार्ट करा, नाहीतर अपडेट लटकून राहतात.

सिसमेन नावाच्या सेवेबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. ही म्हणजे व्हिस्टात आलेली सुपरफेच, नाव बदललेली. तुम्ही रोज काय वापरता हे ती शिकते आणि आधीच मेमरीत आणून ठेवते. ती बंद करा असं सांगणारे शेकड्यानं भेटतील. ४ जीबी आणि फिरती डिस्क असेल तर चालू झाल्यावरची पहिली काही मिनिटं ती डिस्क दमवते, हे खरं आहे. पण विंडोज १० मध्ये मेमरी काँप्रेशनही (मेमरीतला डेटा दाबून कमी जागेत बसवणं) याच सेवेच्या आधारानं चालतं, आणि ४ जीबीवाल्याला त्याची गरज सगळ्यात जास्त. माझं मत: ८ जीबी किंवा त्यावर असेल तर हात लावू नका. ४ जीबीवर सर्व्हिसेसमधून बंद करून एक आठवडा वापरून बघा, फरक पडला नाही तर परत चालू करा. बंद करून विसरून जाऊ नका.

रेडीबूस्ट, म्हणजे पेन ड्राइव्हला कॅशे बनवायची सोय, २००७ साली व्हिस्टाबरोबर आली तेव्हा ५१२ एमबी मेमरीच्या मशीनला तिचा थोडा आधार होता. आज त्यात वेळ घालवू नका.

हा आकडे घालण्याचा सोस येतो कुठून तेही सांगतो. डॉसच्या काळात स्मार्टड्राइव्ह हाताने बसवावं लागायचं, किती केबी द्यायचे ते आपणच ठरवायचं. विंडोज ९८ मध्ये तर ५१२ एमबीच्या वर मेमरी टाकली की कॅशे इतका फुगायचा की मशीन 'मेमरी अपुरी' म्हणायचं, आणि सिस्टिम फाइलमध्ये त्याला मर्यादा घालावी लागायची. त्या पिढीचे लोक आजही कॅशेचा आकडा शोधत बसतात. पण आता तो आकडा विंडोज क्षणाक्षणाला बदलतं. 'लार्ज सिस्टिम कॅशे'ची नोंद कुणी बदलली असेल तर परत शून्य करून टाका.

लिहिण्याचा कॅशे: इथं खरा धोका

आतापर्यंतचं सगळं वाचण्याबद्दल होतं. वाचण्याचा कॅशे चुकला तर फार तर वेळ जातो. लिहिण्याचा चुकला तर फाइल जाते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या वळवाच्या दिवसांत दुपारी आभाळ भरून आलं की वीज ये-जा करते, आणि जूनमध्ये माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये 'फाइल आहे पण उघडत नाही' ही तक्रार हमखास असते.

तुम्ही सेव्ह दाबता तेव्हा डेटा लगेच डिस्कवर जातोच असं नाही. विंडोज तो मेमरीत ठेवतं आणि मागून लिहीत राहतं, दर सेकंदाला साचलेल्यातला साधारण आठवा हिस्सा. त्यापुढं डिस्कच्या स्वतःच्या पाटीवरही थोडी मेमरी असते, ३२ किंवा ६४ एमबी वगैरे, तिथंही डेटा क्षणभर थांबतो. एवढं सगळीकडेच असतं आणि सहसा निभावतं. कॅशे सॉफ्टवेअरमध्ये 'डिफर राइट' (लिहिणं पुढं ढकलणं) चालू केलं की यात तिसरा थांबा वाढतो, आणि तो तुम्ही लावाल तेवढ्या सेकंदांचा. कुणी ३० करतं, कुणी ३००. तीनशे सेकंद म्हणजे पाच मिनिटांचं काम फक्त मेमरीत. तेवढ्यात वीज गेली तर ते गेलं.

त्यातली खोच अशी की एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइल मांडायची पद्धत, फाइलचं नाव, आकार, जागा यांची नोंदवही जपते, आतल्या मजकुराची नाही. त्यामुळं वीज गेल्यावर फाइल जागेवर दिसते, आकारही बरोबर दिसतो, आणि आत नुसती शून्यं. एक्सेल म्हणतं फाइल खराब आहे, फोटो करडा दिसतो. बिचारा वापरणारा व्हायरस शोधत बसतो. डिफर राइटच्या मशीनवर तर ती नोंदवहीसुद्धा अर्धवट राहू शकते, कारण विंडोजला वाटतं डिस्कवर गेलं आणि सॉफ्टवेअरनं ते अजून सोडलेलंच नसतं. मग चालू होताना डिस्क तपासणीचा निळा-काळा पडदा येतो. तो पुन्हा पुन्हा येत असेल आणि मशीनवर कॅशे सॉफ्टवेअर असेल तर पहिला संशय तिथंच घ्या.

विंडोजचे स्वतःचे दोन चौकोन बघायचे तर डिव्हाइस मॅनेजर, डिस्क ड्राइव्ह्ज, तुमची डिस्क, प्रॉपर्टीज, पॉलिसीज. पहिला चौकोन राइट कॅशिंगचा. घरातल्या आतल्या डिस्कला तो आधीच टिक केलेला असतो, राहू द्या. त्याखालचा दुसरा चौकोन 'बफर फ्लशिंग बंद करा' असं म्हणतो. तो टिक केला की विंडोज डिस्कला 'आता खरंच लिही' असा आग्रह धरणं सोडून देतं. वेग वाढवायचे उपाय सांगणारे लोक हा हमखास टिक करायला सांगतात. घरच्या मशीनवर तो मोकळा ठेवा. यूएसबीच्या डिस्कला विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल' (लिहिण्याचा कॅशे न ठेवता लगेच लिहायची) हीच पद्धत मुळात लावलेली असते. बॅकअपच्या डिस्कवर ती बदलू नका.

"आमच्याकडे इन्व्हर्टर आहे" हे उत्तर नेहमीचं. असू दे, पण पीसी त्यावर बंद न पडता चालतो का? घरच्या इन्व्हर्टरवर बहुधा यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको अशा दोन मोडचं बटण असतं. नॉर्मलवर असताना वीज गेल्यावर बॅटरीवर जायला तो जास्त वेळ घेतो. पंखा-दिव्याला ते कळतही नाही. पीसीचा पॉवर सप्लाय मात्र वीज तुटल्यावर स्वतःच्या जोरावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो, तोही नवा असताना. सात-आठ वर्षांच्या सप्लायमधले कपॅसिटर सुकलेले असतात, तो तेवढाही धरत नाही. म्हणून आधी इन्व्हर्टर यूपीएस मोडवर टाका. मग सगळे प्रोग्रॅम बंद करून, सगळं सेव्ह करून, मेन स्विच पाडून बघा. पीसी चालू राहिला तर ठीक. रिस्टार्ट झाला तर डिफर राइटचं नावही काढू नका. छोट्या यूपीएसची बॅटरीसुद्धा दोन-तीन वर्षांत मान टाकते. डब्यावरचा हिरवा दिवा बघून तिच्यावर विश्वास ठेवू नये.

डिस्कच आजारी असेल तर

कॅशेचा एक तोटा कुणी सांगत नाही: तो डिस्कचं दुखणं झाकतो. एकदा मेमरीत आलेलं भराभर मिळतं, त्यामुळं दुपारी सगळं छान चाललेलं दिसतं, आणि सकाळी त्याच फाइल डिस्कवरून काढताना मशीन अर्धा-अर्धा मिनिट गोठतं. लोक याला 'कॅशे गरम व्हायला वेळ लागतो' म्हणतात. तसं नसतं. निरोगी डिस्क हळू असते, गोठत नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर लावा. त्यात तीन ओळी बघायच्या. रिअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर (डिस्कवरचे खराब झालेले आणि संशयात असलेले भाग), यांतल्या कशातही आकडा वाढता दिसला तर आज बॅकअप घ्या, बाकी सगळं उद्या. तिसरी ओळ सीआरसी एररची, म्हणजे डेटा ये-जा करताना होणाऱ्या चुकांची. ती वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून डिस्क जोडणाऱ्या साटा केबलचा असतो, स्वस्तातली केबल बदलून काम होतं. नदीकाठच्या गल्ल्यांत २०१९च्या पुराच्या वेळी घाईत माळ्यावर गेलेले आणि दमटात राहिलेले पीसी अजून वापरात आहेत. त्यांत केबलची टोकं आणि मेमरीचे दात पुसून बसवल्यावरच पुढचं निदान करावं.

मग कॅशे कुणी लावावा

१६ जीबी मेमरी आहे, डिस्क फिरतीच आहे, आणि त्याच त्या फाइल दिवसभर पुन्हा पुन्हा उघडायच्या आहेत, अशांनी. लग्नाचे अल्बम करणारे फोटोग्राफर हे चांगलं उदाहरण. तिथंसुद्धा मी फक्त वाचण्याचा कॅशे लावतो, आणि सगळं काम उघडं असताना निदान ४ जीबी अव्हेलेबल उरेल एवढाच. शिवाय असं सॉफ्टवेअर फाइल सिस्टिमच्या खालच्या थरावर काम करतं, त्यामुळं तीच गोष्ट विंडोजच्या कॅशेत एकदा आणि याच्यात एकदा अशी दोनदा ठेवली जाते. हिट रेटचा (किती वाचनं कॅशेतूनच भागली त्याचा) आकडा मोठा दिसला तरी त्यातलं किती विंडोजनं फुकटात दिलं असतं ते तो आकडा सांगत नाही. लावून आणि काढून, घड्याळ लावून, रोजच्याच कामावर बघा.

बाकी सगळ्यांसाठी क्रम सरळ आहे. विंडोज ३२ बिटचं आहे का ते आधी बघा. तसं असेल तर ८ जीबी टाकूनही साडेतीनच्या आतबाहेरच वापरात येते, आणि ६४ बिट टाकणं हाच सगळ्यात मोठा 'कॅशे' ठरतो. त्यानंतर ४ ची मेमरी ८ करा. २०२५च्या शेवटापासून नव्या मेमरीचे भाव चढलेत, पण या वयाच्या बऱ्याच मशीनना डीडीआर३ लागते आणि ती जुनी, तपासून घेतलेली, चालते. लॅपटॉप असेल तर कमी व्होल्टेजची डीडीआर३एल लागते का ते आधीच्या पट्टीवर वाचून मगच घ्या. आणि पैसे एकाच गोष्टीला असतील तर मेमरीच्याही आधी साटाची छोटी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क. फिरती डिस्क सेकंदाला शंभरभर तुटक वाचनं करते तिथं ती हजारोंनी करते, आणि वीज गेल्यावर सकाळी कोरी होत नाही. विंडोज तिच्यावर, फोटो-हिशेब जुन्या डिस्कवर. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार संपला. त्यामुळं काहीजण अशा मशीनवर लिनक्स टाकतायत. तिथंही उरलेली मेमरी आपोआप कॅशे होते, फक्त पेन ड्राइव्हवर मोठी फाइल टाकल्यावर 'झालं' दिसलं तरी इजेक्ट पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही. लिहायचं बरंच अजून मेमरीतच असतं.

एसएसडीवर जाताना जुनं कॅशे सॉफ्टवेअर आधी काढा आणि मगच डिस्कची नक्कल करा. काढतानाही घाई नको: डिफर राइट बंद करायचं, राहिलेलं लिहून होईपर्यंत थांबायचं, रिस्टार्ट करायचं, मग अनइन्स्टॉल, आणि पुन्हा एक रिस्टार्ट. रॅम डिस्क लावून टेंप (तात्पुरत्या फाइलींचा) फोल्डर तिच्यावर नेलेला असेल तर त्याचा पत्ता सी ड्राइव्हवर परत आणायला विसरू नका. तो तसाच राहिला तर नव्या एसएसडीवर प्रोग्रॅम इन्स्टॉल होताना 'फोल्डर सापडत नाही' म्हणून अडतात, आणि लोक दोष एसएसडीला देतात.